शिवम्माचा पाय

लातुरात लिंगायतांच्या घरी लग्न निघालं की आधी जंगमाला बोलावणं जायचं आणि त्याच्या पाठोपाठ शिवम्माला. जंगमानं काढलेल्या तिथीला शिवम्मा मोकळी नसेल तर तिथी बदलून घेतल्याचंही गावाला ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कारण होतं हुग्गी. गव्हाची गुळातली ही खीर घरोघरी होते, त्यात काही मोठंसं नाही. पण सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना पुरेल एवढा हंडा चुलाणावर चढवायचा, पहाटेपासून उभ्यानं घाटायचा, बुडाला लागू द्यायचा नाही, गहू फुलला की नेमक्या घटकेला गूळ सोडायचा, हे सोम्यागोम्याचं काम नव्हे. पंगतीत बसलेली माणसं पहिला घास घेऊन मान हलवत, ती मान शिवम्मासाठी असे.

बाई अंगानं दणदणीत. मांडवात शिरली की पुरुषसुद्धा बाजूला सरत. आवाजही तसाच, चुलाणाशी उभी राहून बोलली तरी वेशीपर्यंत जायचा. अंगाबद्दल तिला कधी लाज वाटली नव्हती. हंडा घाटायचा तर अंगात काहीतरी लागतं, असं ती सरळ म्हणायची, आणि काटकुळ्या सुनांना दंडाला धरून चुलाणाशी उभं करायची. तिचा नवरा मलप्पा मात्र अगदी किरकोळ माणूस. गंजगोलाईजवळच्या बोळात त्याचं किराण्याचं दुकान होतं. तिथं तो दिवसभर तागडीशी बसून राही. बोलणं शिवम्माचं आणि हुंकार मलप्पाचा, अशी त्यांच्या संसाराची वाटणी फार वर्षांपूर्वीच झाली होती. दोन्ही लेकी निलंग्याकडे दिलेल्या होत्या, घरात आता ही दोघंच.

आणि तिसरा, पाय. म्हणजे शिवम्माचा डावा पाय. पण घरात त्याचं नाव पाहुण्यासारखं घेतलं जाई. "पाय आलाय," एवढं ती म्हणाली की मलप्पा दुकानाची फळी लावून घरी येई आणि वाकळा काढून ठेवी. आधी हुडहुडी भरायची, दात वाजायचे. मग घोट्यापासून नडगीपर्यंत कातडी लालबुंद होऊन तापायची, हात लावू देत नसे. तीन-चार दिवसांनी ताप उतरायचा, लाली फिकी पडायची, कातडीचे पापुद्रे निघायचे आणि ती उठून कामाला लागायची. पण पाय पहिल्यासारखा कधी होत नसे. संध्याकाळ झाली की तो ठणकायचा, ताठून यायचा, रंग तर तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा काळवंडून गेला होता. पुढं दोन महिन्यांत केव्हातरी पाहुणा पुन्हा दारात.

गल्लीतल्या जाणत्या बायकांनी त्याला नावही दिलं होतं, धावरं. धावऱ्यावर गेरूचा लेप घालतात, तो तिनं घातला. रक्तचंदन उगाळून लावलं. सटवाजी नावाचा एक म्हातारा कडुलिंबाची डहाळी फिरवून धावरं उतरवायचा, त्यानं दोनदा उतरवलं. पायाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

शेवटी मागच्या उन्हाळ्यात ती सरकारी दवाखान्यात गेली होती. तिथं डॉक्टर माधवराव नव्यानं आले होते. हैदराबादेला शिकलेले, अंगानं छडीसारखे, सकाळी उठून जोर मारणारे, मोजून जेवणारे. बहुतेक रोगांची सुरुवात माणसाच्या पोटाच्या घेरापासून होते असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मतापायी त्यांनी हैदराबादेहून माणसं जोखायचा काटा मागवला आणि दवाखान्याच्या ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असा मांडला. आधी काटा, मग डॉक्टर, असा नियमच केला.

काट्यावर लालमहंमद उभा असायचा. हा डॉक्टरांचा कंपाउंडर, पण त्याचं सगळं तरुणपण गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तोलारकीत गेलेलं. गंजात तोलार वजन मनात ठेवत नाही. विकणारा, घेणारा, अडत्या, तिघांनाही ऐकू जाईल असं ठणठणीत ओरडून सांगतो, नाहीतर मागाहून भांडणं होतात. ती सवय लालमहंमदच्या घशात बसली होती. शिवम्मा काट्यावर चढली, त्यानं लोखंडी वजन सरकवलं, काटा स्थिरावला आणि भरल्या ओसरीत त्यानं पुकारा केला, "अडीच मण, वर सव्वा शेर. पुढचं आना."

अडीच मण म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं. ओसरीवर शेतकरी बसले होते, त्यांना हिशेब करावा लागला नाही. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी ओसरी हसली.

आत डॉक्टरांनी खुर्चीवरूनच तिच्या घोट्याकडे एक नजर टाकली. "बाई, या पायाला रोग नाही, ओझं आहे," ते म्हणाले. "एकवेळ जेवा, गोड बंद करा, रोज चाला. पाय आपोआप बरा होईल." बोलणं संपलं. औषध म्हणून एक पांढरी पूड मिळाली, ती पोट साफ होण्याची होती.

शिवम्मा हट्टी असली तरी बेइमान नव्हती. सांगितलं ते तिनं करून पाहिलं. सगळा श्रावण एकवेळ जेवली. मठातल्या श्रावणी पंगतीची हुग्गी चव न घेता उतरवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून गूळ कमी पडला. चोळ्या ढिल्या झाल्या, दंडावरचे बाजूबंद खाली घसरायला लागले. मलप्पा काळजीनं तिच्या ताटात भाकरी सरकवायचा आणि ती परत त्याच्या ताटात टाकायची. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी हुडहुडी भरून पाय आला तो असा आला की ती आठ दिवस उठली नाही. अंग उतरलं होतं, पाय उतरला नव्हता. त्या दिवसापासून तिनं दोन वेळा पोटभर जेवायला सुरुवात केली आणि मेले तरी त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरवलं. गावातली उनाड माणसं तोवर तिला पाठीमागं 'पोतं' म्हणायला लागली होती. तिला ते ठाऊक होतं.

एक गोष्ट तिनं डॉक्टरला दाखवली नव्हती, सटवाजीला नाही, मलप्पालाही नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यात तिला चिखल्या झाल्या होत्या. दाखवण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नव्हतं. जन्मभर धुण्याभांड्यांच्या पाण्यात आणि मांडवाच्या चिखलात उभं राहायचं म्हटल्यावर चिखल्या कुणाला होत नाहीत. फक्त तिच्या बोटांत लग्नातली जाड चांदीची जोडवी होती. पाय सुजता सुजता ती मांसात रुतली होती. त्यांच्याखाली कायम ओल राहायची, वास यायचा. ती रोज न्हाणीत एकटी असताना तिथं हळद-तेलाचा बोळा बसवायची, वरून चिंधी गुंडाळायची आणि लुगड्याचा काठ पावलांवर ओढून घ्यायची. कुणी पाहिलं असतं तर जोडवी काढ म्हणालं असतं, आणि ते शब्दही तिला कानावर पडू द्यायचे नव्हते. जोडवी बाईच्या पायातून एकदाच निघतात. ती कधी निघतात हे तिनं आपल्या आईच्या वेळी पाहिलं होतं.

तिकडे जर्मनीची लढाई सुरू होती, गावात रॉकेल मिळेनासं झालं होतं, आणि तरीही त्या साली लग्नं दाट होती. सरकीचे व्यापारी आप्पासाहेब यांच्या घरच्या लग्नात शिवम्मा चुलाणाशी उभी असतानाच तिला हुडहुडी भरली. पहिला गहू फुलत होता. तिनं दात आवळून घाटायचं सोडलं नाही, पण हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं मांडव फिरला. कुणीतरी तिच्या हातातला डाव घेतला आणि तिला घरी आणून निजवलं. त्या दिवशी हुग्गी बुडाला लागली. पंगतीतली माणसं काही बोलली नाहीत, भल्या माणसांनी मुकाट्यानं करपट खीर खाल्ली. तेच शिवम्माच्या जास्त जिव्हारी लागलं.

नेहमीप्रमाणे चौथ्या दिवशी ताप उतरायला हवा होता. उतरला नाही. पाय मांडीपर्यंत सुजला. मलप्पा पाण्याच्या पट्ट्या बदलत बसायचा आणि दर घटकेला विचारायचा, "कसं वाटायलंय?" ती बरं म्हणायची.

समोरच्या घरात लालमहंमदची बायको हुसेनबी राहायची. बांगड्या भरायचा धंदा, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक बाईचा हात तिच्या हातात येऊन गेलेला. शिवम्माला ती आक्का म्हणायची. पाचव्या दिवशी ती पाहायला आली आणि वाकळ बाजूला करून पायावर वाकली. घोट्यापासून एक लाल रेघ निघून गुडघ्याच्या आतल्या बाजूनं वर चढत होती.

"आक्का, ही रेग कवापासून हाय?"

"काल दिसली."

"माझ्या खालाच्या, मावशीच्या, हाताला असीच रेग चडली होती," हुसेनबी म्हणाली. "काखेपर्यंत गेली न् तिसऱ्या दिशी खाला गेली. ऊठ. दवाखान्यात जाऊ."

शिवम्मानं भिंतीकडे तोंड केलं. मरणाचं भय तिलाही होतं, रेघ पाहिल्यापासून तिची झोप उडाली होती. तरी ती म्हणाली, "न्हाई. दुसरीकडं कुटंबी ने. तिथं न्हाई."

"कामून?"

"त्यो मानूस पायाकडं बगतच न्हाई गं." आणि मग एवढी मोठी बाई लहान पोरीसारखी रडायला लागली. "मी आत गेले की त्याला फकस्त पोतं दिसतंय. मी एक म्हैना उपाशी राहिले, त्यानं पुसलंबी न्हाई. तुझा नवरा माझं वजन गंजातल्या मालावानी वरडतोय न् सारी हसत्यात. मरायचं तर हितं मरते, माझ्या घरात. हसू करून मरायचं न्हाई मला."

हुसेनबीनं तिचे डोळे पदरानं पुसले आणि ती तडक घरी गेली. तिथून जे भांडण ऐकू आलं त्यातलं लालमहंमदचं एकच वाक्य गल्लीला कळलं, ते म्हणजे "मी काय केलं, वजन तर बराबर सांगितलं होतं." मग तो उठून दवाखान्याकडे निघून गेला. त्या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट खरोखरच कधी आली नव्हती. ज्वारीच्या पोत्याला लाज नसते, आणि त्यानं जन्मभर पोतीच तोलली होती.

मलप्पा उंबऱ्याशी बसून सगळं ऐकत होता. तो उठला, बाहेर गेला आणि छकडा घेऊन आला. छकड्यात गादी घातलेली होती. "चल," तो म्हणाला.

"काट्यावर चडायची न्हाई मी."

"तू नको चडू. लईच म्हनाले तर मी चडतो."

तापात असूनही शिवम्माला हसू आलं, आणि हसू आल्यावर नाही म्हणणं अवघड झालं. हुसेनबीनं आणि मलप्पानं मिळून तिला छकड्यात घातलं.

दवाखान्याच्या ओसरीवर नेहमीची गर्दी होती. छकडा थांबला तशी शिवम्मानं आधी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. काट्यावर एक चादर टाकलेली होती आणि चादरीवर औषधांच्या लाकडी पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. शेजारी लालमहंमद उभा होता. त्यानं तिला पाहिलं आणि मान खाली घातली.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "वजन किती?"

"साब, काट्यावर पेट्या ठेवल्यात," लालमहंमद म्हणाला. "उतरवायच्या तर दुपार होईल. बाईला ताप लई हाय, तशीच आत घ्या."

हुसेनबीच्या आधारानं शिवम्मा आत आली आणि बाकावर टेकली. मलप्पा बाहेर थांबला. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि कपाळाला आठी घातली. "बाई, मी मागंच सांगितलं होतं. या शरीराला तुम्ही आवर घातला नाहीत तर..."

"साहेब," शिवम्मा म्हणाली. तिचा आवाज तापानं बसला होता, तरी खोली भरली. "तुमी सांगितलं तसं म्या केलं. सारा श्रावण एकदा जेवले. गोड तोंडाला लावलं न्हाई, माझा धंदाच गोडाचा असून. चोळ्या दुसऱ्या शिवाव्या लागल्या. वजन उतरलं न् पाय तसाच आला. मी लट्ट हाय, मला ठावं हाय, साऱ्या लातुराला ठावं हाय. माझ्या वजनाचं काय बोलायचं ते आपन उद्या बोलू. आज माझा पाय बगा. एकडाव बगा तरी."

डॉक्टर माधवरावांशी दवाखान्यात असं कुणी बोलत नसे. खुद्द तहसीलदारसुद्धा त्यांच्यापुढे पोट आत ओढून उभे राहत. माणूस अहंकारी असेल पण खोटा नव्हता. एक महिना एकवेळ जेवूनही पाय आला, हे त्यांच्या मताच्या आड येत होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते खुर्चीवरून उठले, कोपऱ्यातलं बसकं स्टूल ओढून तिच्या पायाशी बसले आणि लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत सारला.

आता ते खरंच पाहायला लागले. बोटानं दाबून पाहिलं, खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं, लाल रेघेवरून बोट फिरवत वर गेले. जांघेत गाठ आली आहे का, तेही विचारलं. आली होती. "दर वेळी हाच पाय?"

"हाव."

"आणि सुरुवात कुठून होते?"

"घोट्यापासून."

"घोट्याच्या खाली काय आहे?"

शिवम्मानं पाऊल बाकाखाली ओढलं. डॉक्टरांनी हात पुढं करून ठेवला. शेवटी तिनं पाऊल त्यांच्या हातावर ठेवलं आणि डोळे मिटले. त्यांनी चिंधी सोडली. हळदीचा कुजका बोळा बाहेर आला आणि खोलीत वास पसरला. हुसेनबीनं तोंडाला पदर लावला, डॉक्टरांनी नाही. बेचक्यातली कातडी भिजून पांढरी पडली होती, खोल चिरली होती, आणि जोडव्याच्या कडेखाली पू दिसत होता.

डॉक्टर बराच वेळ त्या बोटांकडे पाहत बसले. "चोर इथल्या फटीतून आत येतो आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आपण त्याला माडीवर शोधतो आहोत. हे मी पहिल्याच दिवशी पाहायला पाहिजे होतं." त्यांनी मान वर केली. "शिवम्माबाई, पाय वाचेल. औषधंही आहेत. पण फट उघडी राहिली तर हे पुन्हा पुन्हा येत राहील. आधी ही जोडवी काढायला लागतील."

शिवम्मानं डोळे उघडले. "मग पाय काढा," ती म्हणाली.

डॉक्टरांना आधी वाटलं ती तापात बरळते आहे. हुसेनबीनं त्यांना हळूच समजावलं. शहरातला माणूस असला तरी घरी आई-बहिणी होत्या, त्यांना कळलं. ते चिडले नाहीत. अंधश्रद्धा वगैरे काही बोलले नाहीत. दाराकडे पाहून म्हणाले, "मालकांना बोलवा."

मलप्पा आत आला, बायकोच्या उघड्या पावलाकडे त्यानं पाहिलं. हे इतके दिवस आपल्या घरात, आपल्या शेजारी निजलेल्या बाईच्या पायात होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं, या विचारानं त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला.

"जोडवी कुनाच्या नावाची?" त्यानं विचारलं.

शिवम्मानं तोंड फिरवलं.

"कुनाच्या नावाची हायेत, सांग."

"तुमच्या."

"मग माझ्या नावाचं हाय ते मी माझ्या हातानं काडतो. माझं काय व्हायचं ते मी बगून घेईन."

"असं बोलू नका हो. देवाला ऐकू जातंय."

"जाऊ दे," मलप्पा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो तिच्यापुढं आवाज चढवून बोलत होता आणि त्याचा आवाज फुटत होता. "तू गेलीस म्हंजी ही जोडवी तुझ्यासंगट मातीत जातील. मी मागं बसून काय तागडी तोलू? मला जोडवी नको. मला तू पायजे."

लालमहंमद धावत पलीकडच्या बोळातल्या सोनाराची कातर घेऊन आला. डॉक्टरांनी जोडव्याखालून अलगद फडक्याची चिंधी सरकवली, म्हणजे कातडीला इजा होऊ नये. मलप्पानं कातर हातात घेतली. शिवम्मानं हुसेनबीचं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. कातर दाबली गेली, चांदी कचकन तुटली.

शिवम्मानं डोळे उघडले, आणि पायाकडे पाहिलंच नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत नीट निरखून पाहिलं. तो घामानं निथळत होता, हातात तुटकं जोडवं होतं, टोपी वाकडी झाली होती.

"अहो," ती म्हणाली.

"हाय."

"काय होतंय का?"

"मला काय हुतंय? पाय तुझा हाय."

तिनं आणखी जरा वाट पाहिली. मलप्पानं बाहीनं नाक पुसलं. तो अगदी नेहमीसारखाच होता. तेव्हा कुठं तिच्या छातीतला श्वास मोकळा झाला, आणि हुसेनबीचं मनगटही. उजव्या पायाच्या बोटांतही ओल होतीच. तो पाय तिनं आपणहून पुढं केला.

हैदराबादेहून आलेल्या नव्या गोळ्या डॉक्टरांनी कुलपातून काढून दिल्या. लढाईमुळे त्या दुर्मिळ झाल्या होत्या. बेचक्यात जांभळं औषध लावलं, पाय उशीवर उंच ठेवायला सांगितला, बोटं सदा कोरडी ठेवायची आणि वर्षभर त्यांत काही घालायचं नाही असं बजावलं. शेवटी राहवलं नाही. "आणि शिवम्माबाई, वजनाचं..."

"उद्या," शिवम्मा म्हणाली, आणि डॉक्टरांना हसावं लागलं.

दोन दिवसांत ताप गेला. लाल रेघ खाली खाली उतरत गुडघ्याशी आली आणि एका सकाळी दिसेनाशी झाली. सूज ओसरली तशी कातडीला सुरकुत्या पडल्या, आणि फार दिवसांनी शिवम्माला आपल्या नडगीचं हाड हाताला लागलं. ती अंगणात बसून त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. काय झालं म्हणून मलप्पानं विचारलं तर तिला सांगता येईना, नुसतं हसता येत होतं. दर आठवड्याला ती दवाखान्यात बोटं दाखवायला जायची आणि डॉक्टर आधी स्टुलावर बसून बोटं बघायचे. वजनाबद्दल बोलायचेही, ती ऐकूनही घ्यायची. रात्रीची एक भाकरी कमी केली, हुग्गीची चव घेणं मात्र सोडलं नाही. काटा ओसरीवरून आतल्या खोलीत गेला होता. लालमहंमद आता वजन इतक्या हळू सांगायचा की डॉक्टर दोन-दोनदा "काय? किती?" म्हणून ओरडायचे.

पावसाळा गेला, पाय आला नाही. दिवाळी गेली, आला नाही. एकदा मलप्पानं सवयीनं वाकळा उन्हात घातल्या तर शिवम्मानं त्या उचलून माळ्यावर टाकल्या.

लग्नसराई लागल्यावर मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. मंगलकार्यात चुलाणाशी उभी राहणारी बाई, कपाळाला भलंमोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हुसेनबीनं भरलेल्या हिरव्या बांगड्या, आणि पायाची बोटं रिकामी. बायकांचे डोळे खालीच जाणार. पहिल्या लग्नातच कुजबुज सुरू झाली, आणि एका सासूनं गव्हाची परात तिच्या हातात द्यायला मागंपुढं पाहिलं. शिवम्मा त्या दिवशी घरी येऊन न जेवताच आडवी झाली. मलप्पानं तिच्याकडून सगळं काढून घेतलं, हुंकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून लग्न असेल त्या दिवशी दुकान बंद ठेवायला लागला. मांडवात तिच्याआधी जाऊन चुलाणापासून चार हातांवर, आल्यागेल्याला दिसेल असा, घोंगडी टाकून बसायचा. काम काहीच करायचा नाही. नुसता बसायचा.

चाकूरहून आलेल्या एका वऱ्हाडातली म्हातारी हुग्गीचा हंडा बघायला म्हणून चुलाणाशी आली. तिची नजर शिवम्माच्या पावलांवर गेली आणि तिथंच थांबली.

"बाई, पायात जोडवी कामून न्हाईत गं?"

शिवम्मानं घाटायचं थांबवलं नाही. हातातला डाव तेवढा वर काढला आणि त्यानं पलीकडे दाखवलं.

"त्ये बगा, तिथं बसून खारका खायलेत."

म्हातारीनं वळून मलप्पाकडे पाहिलं. मलप्पानं तोंडातली खारीक गिळली आणि बसल्या जागेवरून हात जोडले. म्हातारी दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. मग तिनं लुगड्याचा ओचा खोचला, खाली बसली आणि आपल्या हातानं चुलाणात लाकूड पुढं सारलं.